जिन्यातली पेटी

टाळेबंदीच्या ऐन काळात, जुलै २०२० मध्ये, पनवेलजवळ भोकरपाड्याच्या हिरानंदानी वसाहतीत ‘योट्टा एनएम१’ हे डेटा सेंटर सुरू झालं. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी त्याचं उद्घाटन केलं, तेही ऑनलाइनच. सुमारे सात हजार रॅकची क्षमता, पन्नास मेगावॉट वीज, अपटाइम इन्स्टिट्यूटचं टियर-४ मानांकन. पनवेलच्या वेशीवर एवढं मोठं काम उभं राहिलं याचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. त्याच महिन्यात पिएर किम आणि अलेक्झांद्र तोरेस या दोन सुरक्षा-संशोधकांनी एक टिपण प्रसिद्ध केलं. त्याची चर्चा मात्र जाणकारांच्या वर्तुळापलीकडे फारशी गेली नाही. सी-डेटा या चिनी कंपनीच्या ओएलटी यंत्रांत, म्हणजे ज्या डब्यातून गल्लीतल्या घरोघरी फायबर फुटतं त्या डब्यात, टेलनेटचं चोरदार सापडल्याचं त्यात म्हटलं होतं. ठरावीक नाव आणि पासवर्ड टाकला की यंत्राची सगळी सूत्रं हातात. हे दार बाहेरच्या इंटरनेटकडून उघडायचं, तसंच ग्राहकाच्या घराच्या बाजूनेही उघडायचं. शिवाय हाच माल निरनिराळ्या नावांची लेबलं लावून विकला जातो. कंपनीने टिपणातल्या काही मुद्द्यांवर आक्षेप घेतला. तो वाद बाजूला ठेवला तरी एक प्रश्न उरतोच: भोकरपाड्याच्या त्या इमारतीतून निघालेली माहिती घरातल्या मोबाइलवर पोचेपर्यंत शेवटच्या काही किलोमीटरांत कोणाकोणाच्या हातून जाते?

या पुस्तकाचा विषय तो शेवटचा टप्पा आहे. केबलवाल्याच्या ऑफिसपासून घरातल्या राउटरपर्यंतचा.

नवीन पनवेलमधल्या सिडकोच्या एखाद्या जुन्या इमारतीचा जिना चढून पाहिलं, तर मीटरच्या फळीशेजारी किंवा गच्चीच्या दाराजवळ एक पत्र्याची पेटी दिसते. कुलूप असतं, पण बरेचदा त्याच्या जागी वायरचा पीळ दिलेला असतो. आत एक स्विच किंवा फायबरचा स्प्लिटर, त्याला कोणाच्या तरी मीटरमधून घेतलेली वीज, एक्स्टेन्शन बोर्डात घुसवलेले दोन-तीन अडॅप्टर, मार्करने फ्लॅट नंबर लिहिलेल्या चिकटपट्ट्या. त्यातल्या निम्म्या पुसलेल्या. एका कोपऱ्यात पालीचा मुक्काम. इमारतीतल्या वीस-पंचवीस घरांचे बँकेचे व्यवहार, मुलांचे क्लास, ऑफिसच्या मीटिंगा या पेटीतून जातात. तिच्याकडे कोणाचं लक्ष जातं ते नेट गेल्यावरच.

पनवेलला नगरपालिका १८५२ ची. महापालिका झाली १ ऑक्टोबर २०१६ ला, आणि खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, तळोजे असा निरनिराळ्या वयाचा मुलूख एका छत्राखाली आला. केबलवाल्याच्या दृष्टीने ही तीन वेगळी गावं आहेत. जुन्या पनवेलच्या आळ्यांत वायर खांबावरून आणि घरांच्या पागोळ्यांखालून जाते. सिडकोच्या चार मजली इमारतींत ती गच्चीवरून गच्चीवर उडी मारते. खारघरच्या टॉवरमध्ये तिच्यासाठी बिल्डरने डक्ट ठेवलेला असतो, पण त्यात शिरायला सोसायटीची परवानगी लागते आणि ती मिळवणं हा स्वतंत्र उद्योग आहे. एकाच धंद्यात तिन्ही प्रकारचं जाळं सांभाळावं लागतं, आणि प्रत्येकाची दुखणी वेगळी.

हा धंदा इंटरनेटसाठी सुरू झालाच नव्हता. ऐंशीच्या दशकात इमारतीत एक व्हीसीआर लावायचा, घराघरांत वायर न्यायची आणि रात्री सिनेमा दाखवायचा, इथून केबलवाल्याची सुरुवात. १९९१ च्या आखाती युद्धाने सीएनएनची ओळख करून दिली, गच्चीवर डिश आली, १९९२ मध्ये झी टीव्ही आला आणि केबलवाला हा दूधवाल्याइतकाच घरचा माणूस झाला. सरकारने त्याला कायद्यात बसवलं ते १९९५ मध्ये, केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (नियमन) अधिनियम करून. या कायद्याखाली केबलचालकाची नोंदणी व्हायची ती मुख्य टपाल कार्यालयात. पुढे ज्या माणसाच्या हातून शेकडो घरांचा डेटा जाणार होता, त्याची सरकारदरबारची पहिली ओळख पोस्टमास्तरांनी करून घेतली, ही गंमत विसरू नये. टीव्हीची केबल एकाच दिशेने वाहायची. सगळ्यांना तेच चॅनेल, तोच सिनेमा. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. काळजी एकच, फुकट्याने मध्येच टॅप मारू नये.

इंटरनेट आल्यावर त्याच वायरीतून घराकडून उलट दिशेने माहिती जाऊ लागली आणि सगळं गणित बदललं.

गल्लीची केबल ही चाळीतल्या सामायिक नळासारखी असते: पाणी सगळ्यांचं एकाच पाइपातून येतं आणि एकाने घाण केली की सगळ्यांच्या हंड्यात उतरते. टीव्हीच्या त्या कोॲक्स केबलवर चालणाऱ्या मोडेमचं तंत्र याच अडचणीशी झगडत वाढलं. अमेरिकेतल्या केबल कंपन्यांच्या ‘केबललॅब्ज’ या संस्थेने १९९७ मध्ये डॉक्सिस नावाचं मानक काढलं. कंपनीच्या बाजूला सीएमटीएस हे मुख्य यंत्र, घरी मोडेम. उतरता डेटा त्या भागातल्या प्रत्येक मोडेमपर्यंत पोचतो. आपल्या नावाचा तेवढा घ्यायचा आणि बाकीचा सोडून द्यायचा, अशी मोडेमने शिस्त पाळायची. शिस्त मोडायची ठरवली तर शेजाऱ्याचं सगळं समोर. म्हणून पहिल्या आवृत्तीतच डेटा कुलूपबंद करण्याची सोय दिली होती, पण ती चालू करणं ऐच्छिक होतं आणि कुलूप ५६ बिटांच्या डीईएसचं होतं. १.१ आवृत्तीत मोडेमला स्वतःचं डिजिटल प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे मोडेम खरा की नक्कल हे तपासता येऊ लागलं. २००६ च्या ३.० आवृत्तीत १२८ बिटांचं एईएस आलं, अनेक वाहिन्या एकत्र बांधून वेग वाढवता आला, आणि आयपीव्ही६ सुद्धा आलं. कुलूप दर आवृत्तीत मजबूत होत गेलं. ते लावायचं काम मात्र शेवटपर्यंत माणसाकडेच राहिलं.

मोडेम चालू होतो तेव्हा नेमकं काय घडतं ते पाहिलं की पुढचे घोटाळे समजतात. तो आधी वाहिनी शोधतो, सीएमटीएसशी आपला आवाज किती मोठा ठेवायचा ते जुळवून घेतो, पत्ता मागतो, आणि मग टीएफटीपी या अगदी साध्या पद्धतीने एक छोटी फाइल उतरवून घेतो. या फाइलीत त्याचं नशीब लिहिलेलं असतं: किती वेग, कोणत्या प्रकारच्या डेटाला आधी वाट, घरामागे किती उपकरणं चालतील. सुरुवातीच्या काळात काही हुशार मंडळींनी घरच्याच संगणकाला कंपनीच्या टीएफटीपी सर्व्हरचा पत्ता देऊन मोडेमला आपली फाइल चारली आणि वेगाची मर्यादा उडवली. दुसऱ्याच्या मोडेमचा मॅक पत्ता आपल्या मोडेमवर चढवून फुकट नेट वापरणं ही पुढची पायरी. अमेरिकेतल्या रायन हॅरिसने अशा बदललेल्या मोडेमांचा धंदाच मांडला होता, २००६ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. २०१२ मध्ये बोस्टनच्या न्यायालयात तो दोषी ठरला. उपाय अवघड नव्हता. फाइलीवर सीएमटीएसला ठाऊक असलेल्या गुप्त शब्दाची मोहोर असते, ती तपासायची. फाइल खरोखर आपल्याच सर्व्हरवरून उतरली का ते पाहायचं. प्रमाणपत्र नसलेला मोडेम आत घ्यायचा नाही. तीनही गोष्टी यंत्रात करता येत होत्या. ज्यांनी केल्या नाहीत त्यांचं नुकसान झालं.

वेगाच्या बाबतीतही असंच एक दुर्लक्षित प्रकरण आहे. बेल लॅब्जमधले जिम गेटिस यांना २०१० मध्ये घरून मोठ्या फाइली पाठवताना लक्षात आलं की तेवढा वेळ बाकी सगळं नेट गुदमरतं. वेग कमी नव्हता. मोडेमच्या पोटात रांग इतकी लांब होत होती की एखादं छोटं पाकीटही तिच्यात अडकून पडे. डॉक्सिस ३.१ ने अशी रांग आटोक्यात ठेवणं सक्तीचं केलं. आपल्याकडे ‘प्लॅन शंभर एमबीपीएसचा आणि व्हिडिओ कॉल अडखळतो’ अशी तक्रार आली की ग्राहकाच्या गळ्यात मोठा प्लॅन मारला जातो. पुष्कळदा दोष रांगेचा असतो, आणि तो पैसे न घेता सुधारता येतो.

मुंबई-पुण्यात या शतकाच्या सुरुवातीला हॅथवे, इकारा (पुढे तीच यू ब्रॉडबँड झाली) यांनी केबल मोडेम घरोघरी नेले. पण अमेरिकेसारखं डॉक्सिसचं राज्य इथे आलं नाही. आपल्याकडच्या कोॲक्सच्या लायनी टीव्हीसाठी, एकदिशा टाकलेल्या होत्या. मध्ये बूस्टरमागे बूस्टर, हाताने पिळलेले जोड, पावसाने गंजलेले कनेक्टर. परतीचा डेटा खालच्या कंपनांच्या पट्ट्यात जातो, आणि एका घरातला सैल कनेक्टर मिक्सरचा, मोटारीचा खरखराट ओढून अख्ख्या भागाच्या परतीच्या वाटेत ओततो. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात अशी लाइन दुहेरी चालवायची तर देखभालीचा खर्चच जोडणीच्या पैशांपेक्षा जड. म्हणून बहुतेकांनी सोपी वाट धरली: ऑफिसच्या लॅनची निळी-राखाडी केबल गच्च्यांवरून न्यायची आणि प्रत्येक इमारतीत स्विच ठेवायचा.

हा गच्ची-लॅनचा काळ ज्यांनी पाहिला त्यांना ‘नेटवर्क नेबरहुड’ उघडल्यावर शेजारच्या इमारतीतल्या अनोळखी माणसाचे लग्नाचे फोटो दिसल्याचं आठवत असेल. तेव्हा मुलांना त्यात सिनेमे मिळायचे, त्यामुळे तक्रार कोणी केली नाही! दुसरा ठरलेला प्रसंग: कोणीतरी नवा राउटर आणतो, केबलवाल्याची वायर चुकून त्याच्या लॅनच्या भोकात खुपसतो, आणि तो राउटर इमानेइतबारे अख्ख्या इमारतीला १९२.१६८ चे पत्ते वाटू लागतो. खालपासून वरपर्यंत सगळ्यांचं नेट बंद. लाइनमन येतो आणि एकेक वायर उपसत गुन्हेगार शोधतो, अर्धा दिवस जातो. हेच जाणूनबुजून केलं तर इमारतीचा सगळा डेटा आधी आपल्या यंत्रातून फिरवता येतो. नेट बंदही पडत नाही, म्हणून कोणाला पत्ताही लागत नाही. स्विचला एवढंच शिकवायचं असतं की पत्ते वाटण्याचा हक्क वरच्या पोर्टलाच आहे आणि एका फ्लॅटच्या पोर्टवरून दुसऱ्या फ्लॅटच्या पोर्टशी थेट बोलायचं नाही. त्यासाठी जरा महागाचा, सेटिंग घेणारा स्विच लागतो. घोडं तिथेच पेंड खातं.

आता नव्या जोडण्या बहुतेक फायबरच्या. एका काचेच्या धाग्यातून १४९० नॅनोमीटरवर डेटा उतरतो, १३१० वर चढतो, आणि १५५० वर जुनी टीव्हीची केबल जाते. तिन्ही डोळ्यांना न दिसणारे प्रकाश. फायबरच्या टोकात डोळा घालून ‘लाइट येतोय का’ बघणारे लाइनमन अजून आहेत, त्यांना कोणीतरी हे ठणकावून सांगायला हवं; टीव्हीचा वाढवलेला झोत डोळ्याला इजा करतो. घरातल्या ओएनयूवर, म्हणजे फायबरच्या मोडेमवर, लाल दिवा लुकलुकला की ग्राहक फोन करतो. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक नसतं ते हे, की स्प्लिटर प्रकाश वाटतो, निवडत नाही. बत्तीस किंवा चौसष्ट घरांचा उतरता डेटा प्रत्येक घरात पोचतोच, अगदी कोॲक्ससारखा. जीपॉन या फायबर-जाळ्याच्या पद्धतीत तो एईएसने बंद करण्याची सोय आहे. ईपॉन या दुसऱ्या पद्धतीच्या २००४ च्या मूळ मानकात अशी सोयच नव्हती. ती उत्पादकांनी आपापल्या परीने नंतर जोडली. छोट्या चालकांना ईपॉनची यंत्रं स्वस्त पडली म्हणून त्यांनी ती घेतली, पण खोक्यातून काढल्यावर कुलूप चालू आहे का हे पाहिलं कोणी? बहुतेक ओएलटींत नवा ओएनयू जोडला की आपोआप ओळखून चालू करण्याचीही सोय असते. जोडणी देताना ती फार सोयीची. काम झाल्यावर बंद केली नाही, तर बाजारातून आणलेला कुठलाही ओएनयू गल्लीत पाहुणा म्हणून घुसतो. आणि एखादा बिघडलेला ओएनयू आपली पाळी सोडून सतत प्रकाश फेकू लागला, तर सगळी गल्ली अंधारात. कोॲक्समधल्या सैल कनेक्टरचाच हा नवा अवतार.

बाहेरून येणारं संकट वेगळंच. जुलै २०१६ मध्ये मुंबईतल्या काही छोट्या इंटरनेट सेवादारांवर खोट्या मागण्यांचा प्रचंड मारा झाला. सेकंदाला २०० गिगाबिटपर्यंतचा आकडा तेव्हा सांगितला गेला, आणि पोलिसांनी माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा नोंदवला. जुलै २०१७ मध्ये ‘ब्रिकरबॉट’ या घातकी प्रोग्रामने बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या ग्राहकांचे मोडेम निकामी केले, ते घडवणाऱ्याने साठ हजारांवर मोडेमांचा दावा केला. बीएसएनएलने ग्राहकांना सांगितलं ते एवढंच: मोडेमचा मूळचा पासवर्ड बदला. २०१८ चं प्रकरण तर छोट्या केबलवाल्यांच्या थेट घरातलं आहे. मायक्रोटिक या लाटव्हियन कंपनीचे राउटर आपल्याकडच्या लहान सेवादारांचे लाडके. स्वस्त आणि हवं ते करणारे. त्यांच्यातली एक फट कंपनीने एप्रिलमध्येच बुजवली होती. जुलै-ऑगस्टमध्ये ब्राझीलपासून सुरुवात करून चोरांनी त्याच फटीतून शिरून लोकांच्या ब्राउझरकडून आभासी चलन खणून घेतलं, आणि भारतातले हजारो राउटरही त्यात सापडले. औषध तीन महिने आधी तयार होतं. ‘चालू यंत्राला हात लावायचा नाही’ ही आपली जुनी श्रद्धा आड आली.

या सगळ्यात पोलीस चौकीशी संबंध येतो तो घड्याळाच्या निमित्ताने. आशिया-पॅसिफिकचा जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांचा साठा एप्रिल २०११ मध्ये शेवटच्या हप्त्यावर आला. त्यानंतर पत्ते वाटणाऱ्या संस्थेकडून नव्या सभासदाला फार तर १,०२४, आणि २०१९ पासून ५१२ पत्ते. हजारो जोडण्यांच्या सेवादाराला ते कुठून पुरणार? म्हणून एका सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो घरं बसवली जातात. उद्या त्या पत्त्यावरून कोणाची ऑनलाइन फसवणूक झाली आणि पोलिसांनी ‘हा पत्ता कोणाचा’ असं विचारलं, तर नुसत्या पत्त्यावरून काहीच सांगता येत नाही. पोर्ट क्रमांक आणि नेमकी वेळ लागते. सेवादाराच्या राउटरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे असेल, तर नोंद भलत्याच फ्लॅटकडे बोट दाखवते. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत नोंदी १८० दिवस भारतातच जपायला, घटना कळल्यापासून सहा तासांत खबर द्यायला आणि घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितलं. त्यातल्या सहा तासांवर बरीच ओरड झाली. घड्याळाच्या कलमावर कोणी फारसं बोललं नाही. एखाद्या निरपराध घराच्या दारात पोलीस उभे राहण्याची शक्यता कमी करणारी त्यातली सगळ्यात साधी गोष्ट तीच, आणि तिला राउटरमध्ये दोन ओळी पुरतात.

मग हे होत का नाही? केबलवाल्याला आळशी म्हणणं सोपं आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा पडलेल्या झाडांखालून वायरी ओढून काढणारा हाच माणूस होता. पण त्याची अवस्था दोन दगडांवरची असते. परवाना मोठ्या सेवादाराचा, वायर आणि ग्राहक याचे, ओएलटीचा पासवर्ड कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे, कधी नोकरी सोडून गेलेल्या पोराकडे. ग्राहक महिन्याला पन्नास रुपये स्वस्त मिळाले की लाइन बदलतो. जोडणी किती वेळात दिली याचे पैसे मिळतात. कुलूप लावलं का, हे विचारणारं कोणी नसतं. सोसायट्यांच्या सभेत पार्किंगवर तासभर भांडण होतं, जिन्यातल्या पेटीची किल्ली कोणाकडे हा विषय पत्रिकेवर येत नाही.

म्हणून हे पुस्तक अभियंत्यांसाठी लिहिलेलं नाही, जरी त्यांनी ते वाचायला हरकत नाही. ते लाइनमनसाठी आहे, छोट्या चालकासाठी आहे, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीसाठी आहे. पहिल्या भागात पेटी, वीज, अर्थिंग आणि जोड. कारण ज्या पेटीत कोणीही हात घालू शकतो तिथे पुढचं सगळं व्यर्थ. दुसऱ्या भागात स्विच, ओएलटी आणि सीएमटीएस यांची सेटिंग, यंत्र खोक्यातून काढल्याच्या पहिल्या तासात काय बंद करायचं आणि काय चालू, या क्रमाने. तिसऱ्यात डेटाची वर्दळ: कोणाला किती वेग, रांगा कशा आवरायच्या, ग्राहकाच्या घरातून खोट्या पत्त्याचं पाकीट बाहेर पडूच कसं द्यायचं नाही. चौथा भाग नोंदी, घड्याळं आणि पोलिसांच्या पत्राला उत्तर देण्याचा आहे. शेवटी दोन नमुना-कागद जोडले आहेत. एक पासवर्डांच्या वहीचा: कोणत्या यंत्राचा पासवर्ड कोणी, कधी बदलला, माणूस सोडून गेल्यावर काय करायचं. दुसरा सोसायटी आणि केबलचालक यांच्यातल्या एका पानाच्या कराराचा. पेटीची किल्ली, विजेचं बिल आणि नेट बंद पडल्यावर कोणाला फोन करायचा, एवढंच त्यात आहे.